तुझ्या हाताची साक्ष

बेबी, काल मी तुझा शब्द मोडला. आधीच सांगून टाकते, म्हणजे तुझ्या तोंडून जे काय निघायचं ते निघून जाईल आणि मग तू नीट ऐकशील. कामगार न्यायालयात उभी राहून तुझ्या उजव्या हाताबद्दल मी सगळं सांगितलं. जे सांगायचं नाही म्हणून तू मला बजावलं होतंस, नेमकं तेच सांगितलं. तुझी तेरवी होऊन आठवडाही झाला नाही आणि मी तुझ्याशी भांडण काढून बसले आहे. पण तू तरी कुठे वेळ पाहून गेलीस? हाताच्या फेरतपासणीची तारीख लागली होती. साधा ताप म्हणून दवाखान्यात गेलीस आणि डेंग्यूनं तुला परत येऊ दिलं नाही. कंपनीतली ती अवजड प्रेस जिला नेऊ शकली नाही, तिला एका मच्छरानं न्यावं, याचा मला अजून संताप येतो. कोणावर काढावा कळत नाही, म्हणून तुझ्यावर काढते.

कंपनीचे लोक मात्र एकदम समजूतदार झाले. सुपरवायझर तुझ्या घरी येऊन बसला, चहा प्यायला, आणि तुझ्या पायलला म्हणाला, "बेटा, आता मम्मीच नाही राहिली, तर हाताच्या केसचं काय करता? मिटवून टाका ना." मी आत पोळ्या लाटत होते. लाटणं हातातच राहिलं. पायल शांतपणे म्हणाली, "काका, मम्मी गेली. अपघात थोडीच गेला?" मला वाटलं, तूच बोललीस. जाताना त्यानं स्वयंपाकघरात डोकावून मलाही विचारलं, "पुष्पाबाई, तुमची नोकरी बरी चालू आहे ना?" मी म्हटलं, "हाव, पोळ्यासुद्धा बऱ्या चालू आहेत."

तुझ्यासारखं तोंड मला आता कुठे फुटायला लागलं आहे. इतकी वर्षं आपल्या दोघींच्या वाटचं तूच बोलायचीस. गोळीबार चौकातून हिंगण्याला जाणारी कंपनीची बस सकाळी अंधारातच यायची. घरी पाणी भरा, डबे करा, सासऱ्याचा चहा, पोरांची शाळा, यात केस विंचरायला कोणाला फुरसत? म्हणून बायका मोकळ्या केसांनी बसमध्ये चढायच्या आणि बसमध्येच एकमेकींच्या वेण्या घालायच्या. प्रत्येकीची जोडी ठरलेली. जोडी बदलली की बसभर कुजबुज, यांचं काय बिनसलं म्हणून. नवीन आलेल्या बाईला जोडी मिळेपर्यंत कोणी आपली म्हणायचं नाही. मला पहिल्याच आठवड्यात तू खांद्याला धरून पुढ्यात बसवलंस आणि म्हणालीस, "काय वं हे केस? झाडणी बांधून आली का?"

तुझी वेणी म्हणजे शिक्षा होती. डोळे ताणून वर जायचे. मी ओरडायची, "बेबी, जीव घेतं का माहा?" तू म्हणायचीस, "मी नाही घेत. केस मशीनमध्ये गेले तं मशीन घेईन. चूप बस." तुझे बाबा हातमागावर बसायचे आणि तू शाळेतून आलीस की सुताच्या कांड्या भरायचीस. माग गेला, घर लहान झालं, पण बोटांची ती घाई तुझ्याकडे राहून गेली. तुटलेला धागा जोडावा तशी तू माझ्या कपाळावरची एकेक बट पकडून पेडात बसवायचीस. संध्याकाळी सोडली तरी केसांना तुझे पीळ राहायचे.

मग ते झालं. डब्यांची झाकणं कापणारी ती प्रेस, तिच्यापुढची जाळी काम भराभर व्हावं म्हणून काढून ठेवलेली, आणि तुझा हात आत असताना ती खाली आली. मी झाकणं तपासायच्या टेबलावर कामाला होते. त्याचं मी इथे लिहीत नाही. कोर्टात सांगितलं, तेवढं पुरे.

बोटं वाचली म्हणून तुझ्या सासूनं नारळ फोडला. डॉक्टरांनी तारा घालून, टाके घालून दोन बोटं आणि अंगठा जागेवर ठेवला होता. ते जागेवर राहिले, एवढंच. वळेनात. नंतर तुझी केस घेतलेल्या वकीलबाईंनी आपल्याला समजावलं की बोट तुटून पडलं तर कायद्यात भरपाईसाठी त्याचे टक्के ठरलेले असतात, किती तुटलं तेवढे. पण बोट शाबूत आहे आणि काम करत नाही, तर हात कमाईच्या कामातून किती गेला हे डॉक्टर तपासून सांगणार. कंपनीच्या ऑफिसातला तो बाबू हळहळून म्हणाला होता, "तुटलंच असतं तर सोपं झालं असतं." तू त्याच्या टेबलावर पट्टी बांधलेला हात ठेवलास आणि विचारलंस, "माहं बोट माह्याच हाताले आहे, याचं तुमाले दुःख होऊन राहिलं काय?"

त्यानंतरची तू मी कधी विसरणार नाही. रामदासपेठेत फिजिओथेरपीला जायचीस. मेणाचा शेक, मग ती मुलगी तुझं एकेक बोट धरून वाकवायची. मी जिन्यात थांबायची. आतून तुझा आवाज यायचा आणि मला खाली पळून जावंसं वाटायचं. बाहेर येताना मात्र तुझं तोंड धुतलेलं, पदर नीट, आणि पहिलं वाक्य, "चाल, समोसा खाऊ." डाव्या हातानं खायचीस तेव्हा शेजारच्या टेबलावरचे लोक पाहायचे. तू त्यांच्याकडे इतकं रोखून पाहायचीस की त्यांचाच घास अडायचा. बरं होणं म्हणजे आपोआप होतं असं मला वाटायचं, जखम भरते तसं. ते शेतातल्या कामासारखं अंगमेहनतीचं काम असतं, हे मी तुझ्याकडून शिकले. त्यासाठी मी तुझी ऋणी आहे आणि हे मी तुला कधी म्हटलं नाही. म्हटलं असतं तर तू म्हणाली असतीस, "नाटकं नको करू."

तू परत कामावर आलीस त्या दिवशी बसमध्ये सगळ्यांना वाटलं, पुष्पा आता मागच्या सीटवरच्या कल्पनाकडून वेणी घालून घेईल. कल्पना सरकून बसलीही. तू आलीस, मला दंडाला धरून उठवलंस. "बस खाली. माहा हात मोडला, जोडी नाही मोडली." आणि घातलीस. अंगठा आणि करंगळीशेजारचं बोट यांच्यात पेड धरून, कोपर माझ्या पाठीत रोवून, दात आवळून. तुझा श्वास माझ्या मानेवर जोरजोरात लागत होता. बस हिंगण्याच्या वळणावर आली तरी तुझी वेणी चालूच होती.

कंपनीनं तुला प्रेसवरून काढून झाडायला लावलं. मॅनेजरनं तोंडावर सांगितलं, या हातानं मशीन नाही चालवता येणार. ठीक. आणि तीच कंपनी कोर्टात काय म्हणाली? बाईचा हात जवळजवळ पूर्ण बरा आहे. म्हणजे मशीनवर बसायला हात निकामी आणि टक्के द्यायला हात ठणठणीत. एकाच हाताची ही दोन तोंडं पाहून मला हसू यायचं, नंतर संताप यायचा. तुला फक्त संताप यायचा.

आता आपल्या खऱ्या भांडणाकडे येते. मेडिकल बोर्डाकडे, हाताचे टक्के ठरवणाऱ्या त्या डॉक्टरांकडे.

त्या फिजिओथेरपीवाल्या मुलीनं तुला सहज सांगितलं होतं की बोर्डात मूठ आवळायला लावतात, बटण लावायला सांगतात, टेबलावरचं नाणं उचलायला सांगतात. झालं! तू अभ्यास सुरू केलास. दहावीची परीक्षा तुला देता आली नव्हती, लग्न ठरलं म्हणून शाळेतून काढलं होतं. ते तू हसत सांगायचीस, पण ते तुझ्या पोटात होतंच. आता बसमध्ये माझ्या मांडीवर किल्ली टाकून उचलायचीस, पडली की पुन्हा. माझ्या एप्रनची बटणं काढायचीस, लावायचीस. "प्रॅक्टिकल आहे वं माही," म्हणायचीस. बोर्डाच्या आधी दोन दिवस तू त्या हातानं काडी उचलली नाहीस, ऊबदार फडक्यात गुंडाळून ठेवलास. त्या सकाळी तुझ्या आईनं तुझ्या त्याच तळव्यावर दही-साखर ठेवली. तू लग्नकार्यातली साडी नेसून गेलीस. अख्ख्या नागपुरात अपंगत्वाच्या तपासणीला कोणी असं गेलं नसेल.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये संत्रा बर्फी वाटलीस. "डॉक्टर मले शाब्बास म्हणाला! म्हणे, बाई, तुम्ही लई मेहनत घेतली. मूठ अशी आवळली ना, पुष्पे, त्याच्या जोर मोजायच्या मशीनचा काटा वर चढला." बायकांनी टाळ्या वाजवल्या. मी बर्फीचे दोन तुकडे खाल्ले. खरं सांगू, मलाही तेव्हा काही सुचलं नाही. आनंदच झाला.

वकीलबाईंनी बोर्डाचा कागद टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "बेबीताई, हात बाराच टक्के गेला असं लिहिलंय. तुम्ही तिथे नेमकं काय करून दाखवलं?" तू सांगायला लागलीस, उत्साहानं, हातवारे करून. आणि सांगता सांगता तुझ्या लक्षात आलं. तुझा हात हवेतच थांबला. ते दृश्य मला फार दिवस पुरलं.

परतीच्या रस्त्यावर मी तुझ्यावर तुटून पडले. "तुले कोणं सांगितलं होतं एवढा जोर लावाले?"

"मंग काय लुळा टाकून दाखवू?"

"लुळा नाही. जेवढा आहे तेवढा दाखवायचा होता!"

"जेवढा आहे तेवढाच दाखवला. तो जोर का शेजारणीकडून उसना आणला होता? माहाच होता ना?"

त्याचं उत्तर आता देते. होता, बेबी, जोर तुझाच होता. पण तो एका सकाळचा होता. दोन दिवस जपून ठेवलेला, दही-साखर खाऊन नेलेला. त्यानंतर चार दिवस तुझा हात पुरीसारखा फुगला होता, कणीक पायल मळत होती, आणि तुला पातेलं चुलीवरून उतरवता येत नव्हतं. ते बोर्डानं कुठे पाहिलं? एकदा बटण लावणं वेगळं आणि अख्खी शिफ्ट हात चालवणं वेगळं. डॉक्टर खोटं बोलले नाहीत, तूही खोटं बोलली नाहीस. पण जे लिहिलं गेलं ते खरं नव्हतं. आणि तुला हे कळत होतं, म्हणून तर तू इतकी चिडलीस.

तू म्हणालीस, "बरं होणं गुन्हा आहे का? मी दोन वर्षं मरमर मेली ते काय रडका हात दाखवाले?" मी म्हटलं, फेरतपासणी मागू आणि मी साक्षीत सांगते, तुझ्या हाताचं रोजचं काय होतं ते. तेव्हा तू बस थांबलेली असताना, सगळ्यांसमोर, माझा हात तुझ्या गळ्यावर ठेवलास. "साक्षीले उभी राहशीन तं अपघाताचं सांग. माह्या हाताचं रडगाणं कोर्टात गायचं नाही. माही शपथ आहे तुले."

फेरतपासणीला तू कशीबशी तयार झालीस. आता तपासायला हातच उरला नाही. अंबाझरीच्या घाटावर मी तुझ्या त्या हाताकडेच पाहत होते. सगळं शरीर शांत झालं होतं, ती दोन बोटं मात्र अजून ताठच होती. म्हणजे आता कागदावरचे बारा टक्के तेवढे राहिले, आणि ज्यांनी तो हात रोज पाहिला ती माणसं. ही माणसं गप्प बसली तर कागद जिंकला. एवढं साधं होतं.

आणि रोज पाहणारी मी होते. कारण, बेबी, तुझी वेणी राहायची नाही. तू जीव तोडून घालायचीस, पण शेंड्याशी येईपर्यंत वरचे पेड सुटलेले असायचे. कंपनीच्या गेटापर्यंत अर्धी वेणी मानेवर आलेली. तशी टोपी घालून मशीनजवळ जाणं म्हणजे तू मला ज्याची भीती घालायचीस तेच. म्हणून मी आधी संडासात जायची, तुझी वेणी सोडायची, पुन्हा घालायची आणि मग टोपी. रोज. तुला कळू नये म्हणून परतताना टोपी काढायची नाही. उकाड्यात डोकं शिजायचं. तू विचारायचीस, "सैल तं नाही झाली ना?" मी म्हणायची, "डोकं दुखून राहिलं एवढी घट्ट आहे." तुझा चेहरा कसा खुलायचा.

हे गुपित मी तुझ्याबरोबर जाळून आले असं समजत होते. तेरवीच्या दिवशी मागच्या अंगणात भांडी घासताना कल्पनाला रडत रडत सांगितलं. ती घासणी थांबवून म्हणाली, "तिले माहीत होतं वं. मले म्हणे, पुष्पी संडासात जाऊन वेणी घालते. घालू दे. तिले वाटते मले समजत नाही. म्हणून तं तुले रोज दोन रबर द्यायची ना."

दोन रबर! रोज वेणी झाली की एक लावायचीस आणि एक माझ्या हातात ठेवायचीस. "असू दे, एखादं तुटते." इतके दिवस एकही तुटलं नाही आणि मी गाढवीण कधी विचार केला नाही. मी राखेचे हात घेऊन तिथेच बसून राहिले. रडले, हसले, तुला शिव्या दिल्या. पायल धावत आली की काकूला काय झालं.

तिथेच ठरलं. शपथ मोडली तर जिच्या गळ्याची घेतली ती मरते म्हणतात. आता ती भीती तू मला कशी घालशील?

काल कोर्टात मागच्या बाकावर पायल, तिचे पप्पा आणि कल्पना बसले होते. दारात सुपरवायझर उभा होता. अपघाताचं मी सरळ सांगितलं. मग वकीलबाईंनी हाताचं विचारलं, आणि मी वेणीपासून सुरुवात केली. मला सगळं एका दमात सांगायचं होतं, पण मध्येच कंपनीचे वकील उठले. फार गोड बोलतात. "म्हणजे अपघातानंतरही बेबीबाई रोज तुमची वेणी घालत होत्या?"

"हो."

"स्वतःच्या हातानं?"

"हो."

"एकही दिवस चुकला नाही?"

"नाही."

ते कोर्टाकडे वळून म्हणाले, "साहेब, याची नोंद घ्यावी." वकीलबाईंनी मान खाली घातली. टायपिस्टचा टकटक आवाज आला. तुझी केस मीच घालवली असं वाटलं. मी कठड्याला धरलं आणि बोलले. आवाज चिरका आला, भाषा आपली घरचीच आली. "साहेब, घालायची. पण राहायची नाही. रोज सुटायची. मी रोज संडासात जाऊन पुन्हा घालायची. आधी तिची वेणी दिवसभर हलत नव्हती. मशीननं हात धरला तवापासून एक दिवस राहिली नाही."

साहेबांनी विचारलं, हे तुम्ही त्यांना सांगितलं होतं का. मी म्हटलं नाही. का नाही? म्हटलं, "तिनं लई मेहनत घेतली होती साहेब." मागे पायल हुंदका देऊन रडली. पायलचे पप्पा उठून बाहेर गेले. त्यांनाही माहीत नव्हतं, तू घरीसुद्धा कधी दाखवलं नाहीस.

कंपनीचे वकील म्हणाले, मैत्रिणीच्या प्रेमापोटी तुम्ही खोटं सांगत आहात. मी म्हटलं, "तिच्यासाठी खोटं मी तेव्हा बोलली साहेब, रोज सकाळी. आज खरं बोलून राहिली."

निकाल यायचा आहे. वकीलबाई म्हणतात, बारा टक्के राहतील की वाढतील हे सांगता येत नाही, पण आता कागदासमोर एक माणूस उभं आहे. आज सकाळी सुपरवायझरनं सगळ्यांसमोर विचारलं, कालची सुट्टी कशाची टाकली. मी म्हटलं, "साक्षीची. अजून लागली तर अजून टाकीन." त्याला काय करायचं ते करू दे.

बेबी, तू त्या परीक्षेत पहिली आली होतीस, बर्फी वाटली होतीस. काल मी भर कोर्टात, तुझ्या नवऱ्यासमोर, पोरीसमोर तुला नापास केलं. मला त्याचं काडीचंही वाईट वाटत नाही, आणि फार वाईट वाटतं. पुन्हा बोलावलं तर पुन्हा करीन. आज बसमध्ये कल्पनानं सरकून जागा केली, पण मी मोकळ्या केसांनी तुझ्याच सीटवर बसले, दोन्ही रबर मनगटात घालून. राग आला असेल तर ये. धर माझे केस आणि घाल वेणी, लाव किती लावायचा तो जोर. सैल लागली तर या वेळी तोंडावर सांगेन.